तरफा आणि तरफदार: दौलताबाद, गुलबर्गा, बेदर, विजापूर

आमच्या घरच्या दप्तरात एक मोडी कागद आहे. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या मूळ गावच्या कुलकर्णी वतनासंबंधीचा हा कागद महंमद आदिलशहाच्या अमदानीतला असून, वरती फारसी ओळ आणि शिक्का, खाली मराठी मजकूर आणि सुरुवातीला 'अज रख्तखाने', म्हणजे दरबारी कचेरीकडून, हे शब्द, अशी त्याची रचना आहे. लहानपणापासून तो मी पाहत आलो. परंतु हा 'रख्तखाना' कोणाचा, तो विजापुरात कोठून आला, आणि आमच्या गावच्या चार चावर (चावर हे जुने जमीनमाप) जमिनीशी त्याचा संबंध कसा जुळला, हे शाळेत कोणी सांगितले नाही. देवगिरीचे यादव बुडाले हा एक धडा होता आणि शिवाजी महाराजांचा जन्म हा पुढचा. मधली तीन शतके जणू दुसऱ्या कोणाच्या मुलखात घडली होती. निवृत्तीनंतर ती तीन शतके, म्हणजे बहमनी राज्य आणि त्यातून फुटून निघालेल्या शाह्या, गाडीने, क्रमाने पाहावीत असे ठरवले आणि लातूरच्या शाळेत इतिहास शिकवलेल्या माझ्या मित्राला सोबत घेतले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. गावांची नावे आता बदलली आहेत, पण ज्या नावांनी हा इतिहास घडला तीच येथे वापरतो.

पहिला दिवस: दौलताबाद

पुण्याहून पहाटे निघालो. वाटेत नगर लागले, पण आम्ही थांबलो नाही, कारण नगरची निजामशाही ही या कथेतली तिसरी पिढी आहे आणि आम्हाला पहिल्या पिढीपासून सुरुवात करायची होती.

दौलताबादच्या किल्ल्यात शिरल्यावर डाव्या हाताला जी विस्तीर्ण जुनी जामा मशीद लागते, तेथे आता भारतमातेचे मंदिर आहे. बहुतेक मंडळी तेथून घाईने बालेकिल्ल्याकडे जातात. आम्ही मात्र त्या खांबांच्या रांगांमध्ये तासभर बसलो, कारण बहमनी राज्य जन्माला आले ते येथे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि पुढे आपला दरबार परत नेला, परंतु सोबत आलेले सरदार, सूफी, कारागीर आणि शिपाई यांतले पुष्कळ जण येथेच राहिले. महसूल गोळा करणारे आणि फौज बाळगणारे हे 'अमीर-ए-सदा' म्हणजे साधारण शंभर गावांचे अधिकारी. गुजरात-माळव्यात त्यांच्या जातभाईंना सुलतानाने कसे वागवले, हे कानांवर येताच येथल्या अमीरांनी बंड केले. प्रथम त्यांनी इस्माईल मुख नावाच्या वृद्ध सरदाराला गादीवर बसवले. त्याने पुढे आपण होऊन हसन या तरुण सेनानीसाठी जागा सोडली, आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसनला अलाउद्दीन हसन बहमनशहा या नावाने राज्याभिषेक झाला.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे. दक्षिणेतली ही पहिली मोठी सुलतानशाही बाहेरून चाल करून आलेल्या कोणा विजेत्याने स्थापली नाही. दूरच्या राजधानीला कंटाळलेल्या प्रांतिक अधिकाऱ्यांनी आपल्यातल्याच एकाला निवडून ती उभी केली. ज्या हातांनी हे राज्य घडले तशाच हातांनी ते पुढे फुटले, आणि हा धागा आम्हाला सातही दिवस सापडत राहिला.

वर चढताना चिनी महाल लागतो. निळ्या चकाकत्या फरश्यांचे थोडे तुकडे भिंतीला अजून चिकटून आहेत, बाकीचे गळून पडले आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला १६८७ मध्ये औरंगजेबाने येथे कैदेत ठेवले आणि तो येथेच मरण पावला. खालच्या मशिदीत एका घराण्याचा पहिला पुरुष गादीवर बसला आणि त्या घराण्याच्या राज्यातून फुटून निघालेल्या पाच शाह्यांपैकी अखेरच्या शाहीचा धनी दोनेकशे पावलांवर कैदेत राहिला. मधले अंतर ३४० वर्षांचे. गुरुजी बराच वेळ त्या निळ्या तुकड्यांकडे पाहत उभे राहिले आणि मग म्हणाले, "आपण शेवट आधी पाहिला."

दुसरा दिवस: प्रवास

बीड, तुळजापूर, सोलापूर, अक्कलकोट असा दिवसभर प्रवास झाला. सोलापूरच्या भुईकोटाजवळ चहासाठी थांबलो. हा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात किती वेळा हातोहात गेला! चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा तो निजामशहाने आंदण म्हणून दिला होता. रात्री उशिरा गुलबर्ग्याला पोहोचलो.

तिसरा दिवस: गुलबर्गा

बहमनशहाने राजधानी दौलताबादहून येथे आणली. राज्याच्या चार तरफा, म्हणजे प्रांत, केल्या: दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि बेदर, प्रत्येक तरफेवर एक तरफदार नेमला. 'तरफ' हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे. कोल्हापूरकडे 'कळंबे तर्फ ठाणे' असे गावाचे नाव लिहितात, आणि एखाद्याची बाजू घेण्याला आपण सगळेच तरफदारी म्हणतो. तरफदाराच्या हातात महसूल होता, फौज होती, किल्ले होते आणि किल्लेदार नेमण्याचा हक्कही होता. राज्य वाढत असताना ही सोय उत्तम चालली.

किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची आहे. मशिदीला मोकळे अंगण असते. येथे ते नाही. सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद अशी सारी जागा लहान-मोठ्या घुमटांनी झाकली आहे आणि उजेड फक्त बाजूंच्या कमानींतून येतो. त्या कमानी फार रुंद आणि फार बुटक्या आहेत. जमिनीपासून थोड्याच उंचीवर त्यांना बाक सुरू होतो, त्यामुळे कोपऱ्यातून पाहताना एकात एक शिरलेल्या कमानींची रांग डोळ्यांपुढे बारीक होत जाते. सकाळी नऊच्या उन्हात पूर्वेकडच्या कमानी पांढऱ्या दिसत होत्या आणि आतल्या करड्या. इतकी शांत इमारत मी फार कमी पाहिली आहे.

दुपारी हफ्त गुंबज, म्हणजे बहमनींच्या घुमटदार कबरी, पाहिल्या. त्यात फिरोजशहाची जोडघुमटांची कबर सर्वांत भव्य आहे. १३९७ ते १४२२ या काळातला हा सुलतान विद्वान होता. ब्राह्मणांना त्याने राज्यकारभारात मोठ्या संख्येने घेतले आणि समुद्रमार्गे इराण-अरबस्तानातून माणसे बोलावण्याचा प्रघात त्याच्या काळात वाढला. त्याची राजवट सुरू होताना महाराष्ट्र दुर्गादेवीच्या दुष्काळात होरपळत होता, गावेच्या गावे ओसाड पडली होती. फिरोजशहाच्या दरबारी थाटाचे वर्णन वाचताना हे विसरता कामा नये, असे मला वाटते.

संध्याकाळी सूफी संत बंदेनवाज गेसूदराज यांच्या दर्ग्यात गेलो. दिल्लीहून ते म्हातारपणी येथे आले. फिरोजशहाने त्यांचे स्वागत केले, पण पुढे दोघांचे बिनसले. आपल्या मुलाला वारस म्हणून आशीर्वाद द्यावा ही सुलतानाची विनंती त्यांनी मानली नाही आणि त्याचा भाऊ अहमद याच्या बाजूने कौल दिला. १४२२ मध्ये अहमदशहा गादीवर आला, त्याच वर्षी गेसूदराजही वारले. दर्ग्यात सर्व जातिधर्मांची माणसे होती. कन्नड, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषा एकाच रांगेत ऐकू येत होत्या.

चौथा दिवस: बेदर, किल्ला आणि मदरसा

अहमदशहाने राजधानी बेदरला हलवली. मराठी माणसाला बेदर ठाऊक आहे ते दामाजीपंतांमुळे. मंगळवेढ्याच्या कोठारातले बादशाही धान्य दामाजींनी दुष्काळात वाटून टाकले, बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसे धाडली, आणि पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारात जाऊन मोहोरा मोजून पावती घेऊन आला. आमच्या घरी आजी ही कथा सांगताना 'बेदर' हा शब्द वैकुंठाइतकाच दूरचा वाटे. तो किल्ला सपाट माळाच्या कडेवर उभा आहे. लालसर जांभ्या दगडात खोदलेले त्याचे तिहेरी खंदक पाहिले तेव्हा, हे सगळे छिन्नी-हातोड्याने झाले यावर मन चटकन विश्वास ठेवेना.

आत १४२३-२४ सालची सोळा खांबांची मशीद, तख्त महालाचे उंच भग्न दरवाजे, गगन महाल असे पाहत गेलो. रंगीन महालाला कुलूप होते. पहारेकऱ्याने आमच्या वयाकडे पाहून ते उघडले. काळ्या दगडात शिंपल्यांचे तुकडे बसवून काढलेली वेलबुट्टी अंधारात प्रथम दिसेचना. त्याने दार थोडे ढकलले, उजेडाची तिरीप आत आली आणि ती सगळी नक्षी एकदम निळसर-गुलाबी झाली. हे काम बरीदशाहीतले, म्हणजे बहमनी राज्य संपल्यानंतरचे आहे.

दुपारी महमूद गावानच्या मदरशात गेलो. या प्रवासात मला सर्वांत जास्त जेथे जायचे होते ती जागा हीच. गावान हा इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून १४५३ मध्ये दक्षिणेत आला आणि वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने हा तीन मजली मदरसा बांधला आणि स्वतःचा ग्रंथसंग्रह तेथे ठेवला. दर्शनी बाजूच्या दोन मिनारांपैकी आता एकच उभा आहे. औरंगजेबाच्या काळात येथे दारूगोळा साठवला होता आणि १६९६ च्या स्फोटात पुढचा भाग व एक मिनार गेला. उरलेल्या मिनारावर रंगीत फरश्यांचे नागमोडी पट्टे आहेत. खालच्या पट्ट्यातल्या कित्येक फरश्या निघाल्या आहेत आणि उघड्या चुन्यात त्यांच्या कडांचे ठसे उरले आहेत.

त्या ओट्यावर बसून गुरुजींनी आणि मी बराच वेळ एकाच गोष्टीवर बोलत काढला. दरबारात तेव्हा दोन पक्ष होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले, उत्तरेतून आलेल्यांचे वंशज, धर्मांतरित आणि हबशी ते दखनी. इराण, तुराण, अरबस्तानातून नव्याने येणारे ते आफाकी किंवा परदेशी. हे वैर किती टोकाचे होते याचे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. १४४६ च्या सुमारास खलफ हसन बसरी या आफाकी सरदाराची फौज स्थानिक शिर्क्यांच्या वाटाडेपणावर विसंबून सह्याद्रीच्या जंगलात शिरली आणि कापली गेली. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात परतले, तर दखनी सरदारांनी सुलतानाचे कान भरून त्यांची तेथेच कत्तल करवली. आज चाकणच्या कारखान्यांसमोरून जाताना किती जणांना हे आठवते?

गावान स्वतः आफाकी होता, पण त्याने पदे दोन्ही पक्षांत वाटली. शिवाय खरे दुखणे त्याने अचूक ओळखले. चार तरफांच्या आठ केल्या: वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा आणि विजापूर, बेदर-तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वारंगळ. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे किल्लेदार सुलतान नेमू लागला. जमिनींची मोजणी सुरू झाली. ज्यांचे हात आखडले त्यांनी सूड घेतला. गावानचा शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर तो शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला. महंमदशहा तिसरा कोंडपल्लीच्या छावणीत होता. त्याने कागद पाहिला, शिक्का ओळखला आणि चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी उलटलेल्या वजिराचे डोके उडवण्याचा हुकूम दिला. वर्षभरात सुलतानही गेला.

खिशातल्या पाकिटात आमच्या घरच्या कागदाची छायाप्रत होती. ती काढून मी शिक्क्याकडे पाहिले. सारे राज्य अशा शिक्क्यांवरच्या विश्वासावर चालत होते. माझ्या पूर्वजांची जमीन त्यावर टिकली आणि गावानचा जीव त्यावर गेला.

पाचवा दिवस: बेदर, अष्टूर आणि बिदरी

सकाळी अष्टूरला बहमनींच्या कबरी पाहिल्या. अहमदशहाच्या कबरीत आतून शेंदरी आणि सोनेरी रंगांत लिहिलेली अक्षरे छतापर्यंत चढत गेली आहेत. त्याला लोक वली म्हणजे संत मानतात, त्याच्या उरसाला लिंगायत मंडळीही मोठ्या भक्तीने येतात. शेजारीच हुमायूनशहाची कबर आहे. वीज पडून तिचा घुमट उभा चिरला, अर्धा कोसळला आणि उरलेला अर्धा तसाच अधांतरी उभा आहे. घुमटाची जाडी आणि आतले बांधकाम उभ्या छेदात पाहायला मिळते.

महंमदशहानंतर महमूदशहा १४८२ मध्ये लहानपणीच गादीवर बसला आणि गावानच्या आठ तरफांमधूनच पाच राज्ये निघाली. गावानविरुद्धच्या कटातला प्रमुख मलिक हसन हा मुळात पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याचा मुलगा. काही वर्षांत बेदरमध्येच त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता. त्याने बंड केले, १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच जागी अहमदनगर वसवले. गावानच्या हाताखाली वाढलेला युसूफ आदिलखान विजापुरात, विजयनगरच्या मुलखात ब्राह्मण म्हणून जन्मलेला फतेहउल्ला इमादुल्मुल्क वऱ्हाडात, हमदानहून आलेला कुली कुतुबुल्मुल्क पुढे गोवळकोंड्यात, आणि खुद्द बेदरात कासिम बरीद. यांत दखनी आहेत, आफाकी आहेत, येथल्या मातीतलेही आहेत. म्हणून हे राज्य परक्यांनी बुडवले किंवा घरच्यांनी बुडवले, असे एका वाक्यात सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. केंद्रात वजन राहिले नाही तेव्हा प्रत्येक तरफदाराने दौलताबादच्या अमीरांनी केले होते तेच केले. महमूदशहा १५१८ पर्यंत नावाचा सुलतान राहिला. त्यानंतरचे चौघे बरीदांच्या हातातली बाहुली होते. त्यांतला शेवटचा कलीमउल्ला अखेर अहमदनगरच्या आश्रयाला गेला.

दुपारी एका बिदरी कारागिराच्या दुकानात गेलो. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या सुरईवर त्याने मोरचुदाचे पाणी फासून ती तात्पुरती काळी केली होती, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. अणकुचीदार कलमाने वेल कोरायची, त्या खाचेत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवायची, कानशीने साफ करायची, आणि मग शेवटचे काम: किल्ल्यातली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात तापवून ती वस्तूवर चोळायची. जस्त कायमचे काळे होते, चांदी पांढरी राहते. ती माती कशी ओळखता, असे विचारल्यावर त्याने डब्यातली चिमूट जिभेच्या टोकावर ठेवली. "ऐसा चखके देखते साब, खारी लगी तो चलती," तो म्हणाला. बहमनी सुलतानांच्या छपरांनी पावसापासून वाचवलेली ती माती आजही त्याचे घर चालवते आहे.

सहावा दिवस: विजापूर

दीर्घ प्रवासानंतर दुपारी विजापूर गाठले आणि प्रथम इब्राहीम रोजा पाहिला. दुसरा इब्राहीम आदिलशहा १५८० ते १६२७ गादीवर होता. त्याच्या 'किताब-ए-नवरस' या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपतीला वंदन आहे आणि मोतीखान या आपल्या लाडक्या तंबोऱ्यावरही गीते आहेत. त्याच्या आधी पहिल्या इब्राहीमने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांना ते काम दिले. आमच्या कागदावरची मराठी तेथून आलेली आहे. पण दखनी-आफाकी वैर येथेही मिटले नाही. इतिहासकार फिरिश्ता अहमदनगरात होता. १५८९ च्या दंगलीत तेथे परदेशी कापले जाऊ लागले तेव्हा तो विजापूरला आला आणि इब्राहीमच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. बहमनींविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळ त्याच्याकडून.

संध्याकाळी शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. तोफेचे तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दातांखाली चिरडलेला हत्ती. ही तोफ विजापूरची नाही. ती १५४९ मध्ये अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी याने ओतली, आणि त्याचे नाव तिच्यावर आहे. १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरविरुद्ध अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बेदर हे चौघे एका बाजूला उभे राहिले. ही एकी टिकली नाही. १५७४ मध्ये अहमदनगरने वऱ्हाड गिळले, १६१९ मध्ये विजापूरने बेदर. निजामशाही कोसळत असताना ही तोफ परांड्याहून १६३२ मध्ये येथे आणली. तिच्यावर दुसरा एक लेख आहे, तो औरंगजेबाचा: विजापूर घेतल्याचा आणि मैदानाचा धनी आपल्या ताब्यात आल्याचा.

सातवा दिवस: विजापूर ते मंगळवेढे

गोलघुमट सकाळी लवकर पाहिला. शाळांच्या सहलींच्या आरोळ्यांत प्रतिध्वनी ऐकू येणे अशक्य होते. आमचा कागद ज्याच्या नावाचा, तो महंमद आदिलशहा येथे पुरलेला आहे. त्याच्या मुलाची बारा कमान अर्धवट उभी आहे, आणि नातू सिकंदर याने १२ सप्टेंबर १६८६ रोजी शहर औरंगजेबाच्या हवाली केले. त्याची कबर साधी, उघड्यावर आहे.

उमदीमार्गे मंगळवेढ्याला आलो, दामाजींच्या मंदिरात दर्शन घेतले आणि तिन्हीसांजेला गावी पोहोचलो. मूळ कागद आमच्या धाकट्या चुलत्यांकडे असतो. त्यांनी तो पेटीतून काढून ओसरीवर उलगडला आणि विचारले, "बेदरला जाऊन आलास, मग देवाने मोहोरा मोजल्या ती जागा पाहिलीस का?"

मी म्हणालो, "तख्त महालाचे नुसते दरवाजे उरले आहेत आबा. त्यापुढच्या मोकळ्या पटांगणात उभा राहून आलो."

"हां, पटांगणच असायला हवे," ते म्हणाले, "एवढ्या मोहोरा घरात कुठे मावणार," आणि कागद पुन्हा तांबड्या फडक्यात गुंडाळू लागले.